पाटांची चळत

तंजावरच्या राजवाड्यात माझ्यासारखा मुजरा करणारा दुसरा चोपदार झाला नाही. एका दसऱ्याला मी मुजऱ्याला खाली वाकलो तो खालीच राहिलो, आणि पालखीच्या दोन भोयांनी मला बगलेत हात घालून बाहेर काढलं, मुळा उपटतात तसं.

त्यात माझं पागोटं सुटलं आणि घरंगळत आईसाहेबांच्या चिकाच्या पडद्यापर्यंत गेलं. मी इथं, पागोटं तिथं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आमचा मुजरा म्हणजे नुसता हात कपाळाला लावून सुटका नव्हती. उजवा हात थेट भुईला टेकवायचा, तिथून कपाळाला आणायचा, असं तीनदा, आणि मग पाठ न दाखवता मागं सरकायचं. राजे होते तेव्हा हे रोजचं. मग राजे गेले, मागं गादीला कोणी नाही म्हणून कंपनीनं राज्य घेतलं, किल्ल्यावर दुसरं निशाण चढलं. राजवाड्यात राहिल्या आईसाहेब, त्यांच्या दासी, कारभारी, आणि आम्ही जुनी माणसं. चोपदाराचं काम काय, तर कोणी मोठं माणूस यायचं झालं की पुढं जाऊन ललकारी द्यायची. आता येणारंच कोणी नाही. वर्षातून एक दिवस, दसऱ्याला, कारभारी चांदीची काठी कुलपातून काढायचे. आईसाहेबांपुढं जो मुजरा करून उठेल त्याच्या हातात ती द्यायची, आणि त्यानं देवीच्या पालखीपुढं ललकारी देत दरवाज्यापर्यंत जाऊन यायचं. ती काठी माझ्या आज्याच्या हातात होती, बापाच्या हातात होती, मग माझ्या.

मला दुसरं काही येत नाही. वाचायला मोडी नाही, बाळबोध नाही, तमिळही नाही, साहेबाच्या इंग्रजीची तर गोष्टच सोडा. घरात कधी पोथी आली तर मी उलटी धरून बघत बसायचो, आणि बायको येऊन सुलटी करून द्यायची. वाचता तिलाही येत नव्हतं, पण पहिल्या पानावरच्या गणपतीचे पाय कुठल्या बाजूला असावेत एवढं तिला ठाऊक होतं. तर असा मी. त्या एका दिवशी काठी हातात असली की मी चोपदार. नसली की नुसता घरापुढच्या तिण्णैवर बसलेला म्हातारा. तिण्णै म्हणजे ओटा, आमच्याकडं कोणी ओटा म्हणत नाही.

त्या दिवशी कारभारी हळूच म्हणाले की पुढल्या दसऱ्याला आधी थोरल्याला बोलावू, आणि उठता आलं नाही तर धाकट्यानं करावं. थोरला म्हणजे मी, धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो आपला संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन आला, माझे गुडघे चोळत बसला, आणि म्हणाला, "अण्णा, मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

मी म्हणलं, "तू नाही म्हणालास तर काठी परक्याच्या घरात जाईल."

तो चोळत राहिला. त्याचे स्वतःचे गुडघे नवेकोरे होते. उकिडवा बसून बसून काही वाटत नव्हतं त्याला. मी त्याच्या गुडघ्यांकडं बघत होतो, दुसऱ्याच्या पानातल्या लाडवाकडं बघावं तसं.

मग मी ठरवलं की उठायला शिकायचं. आधी तालमीत गेलो. तिथल्या वस्तादांनी फार मानानं घेतलं, थोरल्या महाराजांच्या वेळचा माणूस आला म्हणाले, आणि जोर काढायला लावला. मी खाली गेलो. खाली जाणं मला नेहमीच चांगलं जमतं. नंतर दोन पोरांनी मला उताणा केला, माती झटकली, आणि वस्तादांनी दूध पाजून घरी पाठवलं. वैद्यांनी काढा दिला. काढ्यानं भूक वाढली, वजन वाढलं, आणि उठायला आणखी जास्त माणूस झाला.

मग मला एक नाद लागला. दिवसभर तिण्णैवर बसायचं आणि जो तो कसा उठतो ते बघायचं. तुम्ही कधी बघितलंय का? साठ वर्षं माणसांत काढली, पण मी कधी बघितलं नव्हतं. गाय आधी मागचं अंग उचलते, मग पुढचं. घोडा उलटा, आधी पुढचे पाय रोवतो. तिरुवैयारूहून ताक विकायला येणारी बाई डोक्यावर मडकं असताना एक पाय मागं घेते आणि सरळ वर येते, मडक्यातलं ताक हलत नाही. शेजारचे भटजी आधी देवाचं नाव घेतात, मग भिंत धरतात. माझी बायको उठताना माझं नाव घेत नाही, पण माझ्याविषयी काहीतरी बोलते, आणि त्या जोरावर उठते.

मोठ्या देवळातला नंदी तर शेकडो वर्षं बसलेला. मी त्याच्यापुढं उभा राहून विचार करत होतो की हा उठायचा झाला तर गायीसारखा मागून उठेल, की एवढं वजन घेऊन त्यालाही कोणी उपटायला लागेल. तिथल्या गुरुक्कलना, म्हणजे पुजाऱ्यांना, विचारलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि मला विभूती जरा जास्तच दिली.

आणि मग एक दिवस समोरच्या घरात बघितलं.

समोर एक बाई राहायची. राजे होते तेव्हा राजवाड्यात नाचायची. मी दाराशी काठी घेऊन उभा, मी ललकारी द्यायची आणि मग ती आत यायची, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. आमच्यात बोलणं म्हणून कधी नाही. माझ्याहून वयानं मोठीच असेल. आता तिच्याकडं चार मुली शिकायला यायच्या, बाकी वेळ ती उंबऱ्याच्या आत बसून फुलं ओवायची. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत फुलांच्या माळा होत्या, आणि ती उठली. भिंत नाही, खांब नाही, गुडघ्यावर हात नाही, देवाचं नाव नाही. बसली होती ती उभी झाली, मध्ये काही झालंच नाही जसं. मी तिला म्हणलं, परत बसून दाखवा. ती बसली. म्हणलं, परत उठा. ती उठली, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पागोटं बांधून गेलो आणि सगळं सांगितलं, मुळ्यापासून भावाच्या तेलापर्यंत. ती तमिळ बोलायची, मी मराठी, आणि मधे जे काही बोललं जायचं ते आमचं तंजावरी. तिनं माझ्या गुडघ्यांकडं बघितलंच नाही. म्हणाली, पायतण काढा, उभे राहा, आणि नुसती करंगळी उचला. पायाची. मी उचलली. ती म्हणाली, तुम्ही भुवया उचलल्यात.

खरंच, करंगळी ऐकेना. डावी तर मी हाक मारली तरी आली नाही. एवढी वर्षं माझ्याच पायाला राहते, माझंच खाते, आणि ओळख नाही. मला भारी नवल वाटलं. घरी जाऊन जेवताना, झोपताना मी करंगळीकडंच बघत होतो.

तिच्या अटी दोन. मुली गेल्यावर सकाळी यायचं, आणि शिकताना विनोद करायचा नाही. ही दुसरी मला फार जड गेली. मोबदला काय, विचारलं. ती म्हणाली, रोज शिकून झालं की एकदा ललकारी द्या, पूर्वी मी आत यायच्या आधी द्यायचात तशी. एवढंच. मी पहिल्या दिवशी दिली तेव्हा माझा आवाज चिरकला, आणि गल्लीतली कुत्री भुंकली. तिनं डोळे मिटले होते, ते तसेच ठेवले.

शिकवणं असं. नाचणाऱ्या मुलींना पहिल्यांदा जे शिकवतात तेच, अरैमंडी, म्हणजे अर्धं बसणं. टाचा जवळ, पाय बाहेर वळवलेले, गुडघे दोन्हीकडं उघडे, पाठ ताठ, आणि तसं खाली यायचं. मुली बसल्या की हिरकणीच्या कोंदणासारख्या दिसतात. मी बसलो की बेडूक दिसतो, आणि तोही आजारी. पण पुरतं खाली मला जाताच येत नव्हतं, म्हणून तिनं मागं पाटांची चळत रचली, जेवायला बसायचे पाट, एकावर एक, पार मांडीपर्यंत. त्यावर टेकायचं आणि उठायचं. ती समोर बसून लाकडाच्या ठोकळ्यावर काठीनं ताल धरायची. खाली येताना सावकाश ठोके, वर जाताना त्याहून सावकाश. जमलं की काही दिवसांनी वरचा एक पाट काढून घ्यायचा. म्हणजे भुई माझ्याजवळ येत नव्हती, मीच पाटापाटानं भुईकडं चाललो होतो.

मी आपला दर वेळी जोरानं वर उसळायचो, आणि वाटेत कुठंतरी अडकायचो. तेव्हा तिनं एक सांगितलं, ते मी अजून विसरलो नाही.

"चोपदार, वर जाऊ नका. पायानं भुई खाली ढकला."

हे काय बोलणं झालं, असं वाटलं. पण ढकलून बघितली, टाच, अंगठा आणि ती कृतघ्न करंगळी, तिन्हींनी सारखी. आणि अंग आपोआप वर आलं. मग तर मी जिथं तिथं भुई ढकलत सुटलो. देवळात रांगेत उभा असताना ढकलायची, शिवगंगेच्या तळ्यावर आंघोळीला गेलो की ढकलायची. शेजाऱ्यांनी विचारलं, उभ्या उभ्या तोंड असं का करता. मी म्हणलं, पृथ्वीचं काम चाललंय. त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं की यांना सांभाळा.

बायकोची अडचण वेगळीच होती. ते पाट तिचे होते. नाचणारणीच्या घरी एवढे पाट कुठले, म्हणून सुरुवातीलाच मी एकेक करून बगलेत मारून नेले होते. एक दिवस ओरत्तनाडूहून तिचे माहेरचे आले, पानं मांडली, आणि बसायला पाट नाहीत. पाहुणे फरशीवर बसले. तेव्हा चोरी उघडी झाली. मी म्हणलं, पाट समोर आहेत, मी बसायला नेलेत. समोर म्हणजे कोणाकडं, ते तिला ठाऊक होतं, आणि रोज सकाळी मी अंघोळ करून, मिशीला तेल लावून कुठं जातो तेही आता तिला ठाऊक झालं. तिनं धाकट्याला पाठवलं बघायला.

तो मागच्या भिंतीवरून डोकावला. मी त्या वेळी धोतराचा काचा मारून, पागोटं काढून, घामानं निथळत, ठोक्यावर खालीवर होत होतो, आणि ती बाई मला शिव्या देत होती. तो घरी गेला आणि म्हणाला, "वहिनी, अजिबात काळजी करू नका. अण्णा ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत त्याच्यावर कोणाचं मन जाणं शक्य नाही."

बायकोचं समाधान झालं, पण पाटांचं दुःख राहिलं. ते ती रोज जेवताना सांगायची.

आणि धाकटा? तो तेलाची वाटी घेऊन यायचा ते थांबलं. मला वाटलं रागावला. पण नंतर कळलं की कारभाऱ्यांनी त्याच्यासाठी नवा अंगरखा शिवायला टाकला होता, आणि त्याचं माप देऊन आल्यापासून त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं. मलाही त्याच्याकडं बघवेना. मला उठता आलं तर त्याचा अंगरखा वाया, नाही आलं तर मी वाया. एकाच घरात दोघं मुकाट्यानं भात कालवत होतो.

शेवटचा पाट निघाला त्या दिवशी मी पहिल्यांदा भुईवर टेकलो. थंडगार होती. आणि उठलो. तिनं काठी खाली ठेवली आणि म्हणाली, आता ठीक. एवढंच. मी म्हणलं, अम्मा, एवढंच? ती म्हणाली, ललकारी द्या आणि घरी जा, माझ्या चुलीवर सांबार आहे.

दसऱ्याला सगळे जमले. आईसाहेब चिकाच्या पडद्याआड, त्यांच्याजवळ दासी आणि आमच्या घरच्या बायका, त्यात माझी बायकोही. इकडं कारभारी, हातात ती काठी. भाऊ नव्या अंगरख्यात भिंतीला चिकटून, लग्नात मिरवावं तसा दिसत होता आणि पाहुण्यासारखा अवघडला होता. माझं नाव पुकारलं. मी पुढं गेलो.

आता एक सांगायचं राहिलं. नाच शिकवणाऱ्यांची रीत अशी की भुईवर नाचायच्या आधी तिची माफी मागायची. डावा पाय एकदा आपटायचा, उजवा एकदा, मग गुडघे उघडून खाली जायचं, हात भुईला लावायचा आणि डोळ्यांना लावायचा. रोज सुरुवातीला आणि शेवटी ती माझ्याकडून हे करून घ्यायची. मला वाटायचं, हे त्यांचं, माझा मुजरा माझा. पण अंगाला काय ठाऊक कोणाचं काय. माझं अंग खाली जायचं शिकलं होतं ते त्या दोन ठोक्यांवर.

मी मनात म्हणलं, वाक. आणि माझ्या डाव्या पायानं त्या फरशीवर दाणकन ठोका दिला. मी घाबरलो. तेवढ्यात उजव्यानंही दिला. दोन्ही गुडघे फटकन बाहेर उघडले, अंगरख्याचा घेर पसरला, पाठ ताठ झाली, आणि मी मिशांसकट नाचणारीसारखा खाली गेलो. हात भुईला लागला तो कपाळाला जायचा सोडून डोळ्यांना गेला. माझ्या ध्यानात आलं, पण आता थांबलो तर अडकणार, आणि अडकलो तर पुन्हा मुळा. म्हणून तसंच पुढं रेटलं. दुसऱ्या मुजऱ्याला परत ठोके, तिसऱ्याला परत. भुई खाली ढकलली आणि वर आलो. पागोटं जागच्या जागी. मागं सरकलो तेही ठोके देत.

कारभाऱ्यांनी काठी छातीशी धरली होती, ही आता कोणाला द्यायची ते त्यांना कळत नव्हतं. हा मुजरा म्हणायचा की काय म्हणायचं? ते घसा खाकरून माझ्या भावाकडं वळणार एवढ्यात पडद्याआडून आवाज आला. आईसाहेबांचा. राजे गेल्यापासून आम्ही त्यांचा आवाज पूजेपुरताच ऐकलेला.

"उठलाय ना तो? काठी त्याची."

काठी माझ्या हातात आली. भावानं नव्या अंगरख्याच्या बाहीनं डोळे पुसले, आणि ते कशासाठी पुसले हे मी त्याला आजवर विचारलं नाही. त्यानं मात्र रात्रीच्या जेवणाला माझ्याशेजारी बसून सांगितलं की अंगरखा पुढल्या वर्षीही त्याला होईल.

पालखी निघाली. मी पुढं. दरवाज्याशी गर्दीत ती बाई उभी होती, हातात फुलं. तिथं मी ललकारी जरा लांबवली, पूर्वी तिच्यासाठी लांबवायचो तेवढी. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, माझ्या पायांकडं बघत होती, आणि तिचे ओठ ताल मोजत होते.

घरी आलो ते मी मोठ्या तोऱ्यात आलो. तिण्णैवर बसलो नाही, मुद्दाम खाली फरशीवर बसलो, म्हणजे परत उठून दाखवता येईल. उठलो. बायको कण्या निवडत होती. मी म्हणलं, बघितलंस का, या वयात, कोणाचा हात न धरता, आईसाहेबांनी स्वतः काठी दिली ती या गुडघ्यांना.

तिनं सुपातून मान वर केली नाही.

"गुडघ्यांना कसली देतात. मी पडद्याआड त्यांच्याशेजारीच होते, हसून हसून त्यांना बोलवत नव्हतं, म्हणून तेवढंच बोलल्या. आता उठता येतंय ना? मग जा आणि माझे पाट घेऊन या."